अंबरनाथच्या वाटेवर लागलेला लाल दिवा

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशने एकामागून एक येतात. आज या गावांच्या हद्दी एकमेकींत अशा मिसळल्या आहेत की, एक गाव कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. या दाट वस्तीच्या आणि कारखान्यांच्या पट्ट्यात, वालधुनी नदीच्या काठी, साडेनऊशे वर्षांहून जुने काळ्या पाषाणाचे शिवमंदिर उभे आहे. मुंबईकडची मंडळी तिथे लोकलने जातात. घाटावरच्या आपल्यासारख्यांना मात्र घरातली चार माणसे, त्यात एखादे वयस्कर माणूस, बरोबर घेऊन जायचे तर गाडीच बरी.

यंदा माघातल्या एका सोमवारी आम्ही ओतूरकडून निघालो. सासूबाईंनी अंबरनाथच्या महादेवाचे दर्शन घ्यायचे केव्हापासून मनात धरले होते. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते. त्या गर्दीत त्यांचे हाल झाले असते, म्हणून आठ-दहा दिवस आधीचा सोमवार धरला. कांदा शेतात उभा होता. मंगळवारी पहाटे पंपाला वीज मिळण्याची आमची पाळी होती. तेव्हा सकाळी जायचे आणि रात्री कितीही उशीर झाला तरी घाट चढून घरी यायचे, असा बेत ठरला.

गाडी मेहुण्यांची, जुनी पद्मिनी. गावात अजूनही तिला सगळे 'फियाट'च म्हणतात. दर पाच वर्षांनी तिची नोंदणी पुन्हा करावी लागते आणि त्या वेळी घरात "आता विकून टाका" असा विषय निघतो. पण गाडी सासऱ्यांच्या हातची, म्हणून ती अजून अंगणात आहे.

माळशेजहून बारवीपर्यंत

सकाळचा रस्ता सुखाचा होता. पिंपळगाव जोग्याच्या धरणाचे पाणी उजाडताना शांत होते. माळशेज घाट उतरलो, मोरोशी, टोकावडे, सरळगाव करीत मुरबाडला आलो आणि चहा घेतला. तिथून सरळ कल्याणला जाता येते. पण कल्याणची वाहनांची गर्दी टाळायची म्हणून आम्ही बारवी धरणावरून बदलापूरला उतरणारा रस्ता धरला. सागाची पाने झडलेली, मधूनच पळस पेटलेला. हे धरण औद्योगिक विकास महामंडळाचे. आसपासचे कारखाने आणि लाखो लोकांची घरे यांना त्याचे पाणी जाते. शेतकऱ्याच्या नजरेला एवढे पाणी पाइपातून शहराकडे जाताना दिसले की मनात काय येते, ते सांगायला नको.

याच रस्त्यावर एका खड्ड्यात गाडी आदळली आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा क्षणभर लागून विझला. पुढच्या खड्ड्याला पुन्हा लागला. बदलापूर ओलांडून अंबरनाथच्या हद्दीत शिरलो आणि तो लागला तो लागलाच, विझेना.

मेहुण्यांनी लगेच गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. दिवा ऑइल प्रेशरचा होता.

हा दिवा काय सांगतो?

हा दिवा म्हणजे इंजिनात ऑइल किती आहे हे सांगणारा दिवा, असा पुष्कळांचा समज असतो. तो तसा नाही. ऑइलचा दाब फार कमी झाला, हे तो सांगतो. इंजिनातला क्रँक ज्या बेअरिंगांवर फिरतो, त्या दोहोंच्या मध्ये ऑइलचा केसापेक्षाही पातळ थर असतो. पंप तो थर दाबाने टिकवून धरतो. दाब गेला की थर तुटतो, लोखंडावर लोखंड घासते आणि काही मिनिटांत बेअरिंग जाते. तसेच चालवत राहिले तर इंजिन जाम होते. मग जुन्या गाडीचा दुरुस्तीखर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो. म्हणून हा दिवा चालत्या गाडीत लागला की "पुढच्या गावापर्यंत जाऊ" हा विचारसुद्धा करायचा नाही.

पण गाडीत बसलेल्यांची मते निराळी होती. मेहुण्यांचा मुलगा म्हणाला, "अण्णा, हा दिवा महिनाभर मधूनमधून लुकलुकतोय. गॅरेजवाला म्हणालाच होता, जुन्या गाड्यांना असं होतंच, दिव्याची वायर काढून टाकतो म्हणून."

मेहुणे म्हणाले, "आणि मी नको म्हटलं होतं."

मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "बरोबर केलंस. घरातलं म्हातारं माणूस रात्रभर खोकतंय म्हणून त्याच्या तोंडावर कुणी पांघरूण दाबतं का रे?"

इंजिन थोडे निवू दिले. गाडी सपाटीवर होतीच. मेहुण्यांनी ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली, फडक्याने पुसली, पुन्हा पूर्ण आत घालून काढली. ऑइल दोन्ही खुणांच्या मध्ये होते. रंग काळपट, पण दुधाळ नव्हता. दुधाळ असता तर इंजिनात पाणी शिरले असे समजावे लागले असते. गाडीखाली वाकून पाहिले. गळतीचा डाग नव्हता.

ऑइल पुरेसे आहे, मग निघायला काय हरकत, असे कुणालाही वाटेल. पण विहिरीत पाणी आहे म्हणून पंप पाणी उचलतोच आहे असे थोडेच असते? पंप झिजला असेल, जाळी तुंबली असेल, तर ऑइल भरलेले असूनही दाब नसतो. तेव्हा गाडी न हलवता मिस्त्रीला तिथेच बोलवायचे ठरले. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने फोन लावून दिला. "उल्हासनगर पाच नंबरचे मिस्त्री आहेत. फियाटचे जुने माणूस. तासाभराने येतील," असे तो म्हणाला. पाच नंबर म्हणजे कॅम्प नंबर पाच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव पडले. बराकी गेल्या, मोठे शहर झाले. पण लोक पत्ता अजून कॅम्पच्या नंबरानेच सांगतात.

तासभर रस्त्यावर बसून काय करायचे? गाडी सावलीत होती. पंक्चरवाल्याला लक्ष ठेवायला सांगितले आणि दोन रिक्षा करून आम्ही मंदिराकडे गेलो.

काळ्या पाषाणातला महादेव

मंदिर अंबरनाथ स्टेशनाच्या पूर्वेला सुमारे दोन किलोमीटरवर आहे. चहूकडे इमारती वाढल्या आहेत, तरी आवारात पाऊल टाकले की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. तोंड पश्चिमेला. दारापुढे नंदी. सिन्नरचे गोंदेश्वर ज्यांनी पाहिले असेल त्यांना या मंदिराची घडण ओळखीची वाटेल. दोन्ही भूमिज पद्धतीची. या पद्धतीत शिखराच्या अंगावर लहान लहान शिखरांच्या उभ्या ओळी एकावर एक चढत जातात. मात्र अंबरनाथचे मंदिर त्याहून जुने.

त्याचे वय अंदाजाने सांगावे लागत नाही. मंदिरातल्या शिलालेखात शके ९८२ असा उल्लेख आहे, म्हणजे इसवी सन १०६०. त्या काळी उत्तर कोकणात शिलाहारांचे राज्य होते आणि लेखात मुम्मुणी राजाचे नाव येते. त्यालाच माम्वाणी असेही म्हणतात. मंदिराचे काम त्याचा थोरला भाऊ छित्तराज याच्या कारकिर्दीत सुरू झाले असावे, असे अभ्यासक मानतात. लोकांची कथा मात्र वेगळी आहे. पांडवांनी एका रात्रीत मंदिर बांधायला घेतले, उजाडले आणि शिखर राहून गेले, असे इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. शिखर अपुरे आहे हे तर डोळ्यांनी दिसतेच.

बाहेरून प्रदक्षिणा घालताना मान दुखून येईल इतके कोरीवकाम आहे. खाली हत्तींची रांग, तिच्यावर देवादिकांच्या मूर्ती, मध्ये नर्तकी, वादक, तपस्वी. शिव, विष्णू, ब्रह्मा आणि सूर्य यांचे एकत्रित रूप एका ठिकाणी घडवलेले आहे. ऊन, पाऊस आणि वारा यांनी पुष्कळ चेहरे झिजले आहेत. तरी हाताची ठेवण आणि कमरेचा बाक पाहिला की, घडवणाऱ्याची नजर किती बारीक होती ते कळते. आत मंडपाचे खांब पाहावेत. एकेका खांबावर वीतभर जागा मोकळी सोडलेली नाही.

या देवळाची खरी नवलाई गर्भगृहात आहे. बहुतेक देवळांत देवाकडे जाताना आपण चढतो. इथे वीसेक पायऱ्या खाली उतरतो. सासूबाईंचे गुडघे दुखत होते. माझी पत्नी आणि वहिनी यांनी दोन बाजूंनी धरले, एकेक पायरी करीत त्या उतरल्या. खाली गार, अंधूक. वरच्या उघड्या शिखरातून येणारा प्रकाश तेवढा पिंडीवर. सासूबाईंनी बेल वाहिला, बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या आणि वर येताना कुणाचा हात न धरता आल्या.

बाहेर नदीकडे गेलो तेव्हा मात्र मन खट्टू झाले. जिच्या काठी राजांनी देऊळ बांधले, ती वालधुनी आज कारखान्यांच्या आणि वस्तीच्या सांडपाण्याने काळवंडली आहे. पाण्याचा रंग आणि वास बदलायला लागला, तेव्हाच ती सांगत होती की काही बिघडते आहे. आपल्याकडच्या ओढ्यानाल्यांकडे पाहतानाही हे ध्यानात ठेवायला हवे.

मिस्त्रींची तपासणी

परत आलो तेव्हा मिस्त्री बॉनेट उघडून उभे होते. साठीच्या पुढचे, अंगावर साधा बुशशर्ट, हातात फक्त एक चाचणीचा दिवा आणि पाने-पेचकस. उमेदीची वर्षे त्यांनी मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सींच्या दुरुस्तीत काढलेली. त्यांनी आधी कशालाही हात लावला नाही, प्रश्न विचारले.

"शेठ, दिवा लागायचा तो कधी? गाडी उभी असताना, का पळताना?"

"खड्ड्यात आदळली की."

"वळणावर, ब्रेक मारल्यावर?"

"नाही."

"इंजिन तापल्यावर हळू चालीत लागून, एक्सिलरेटर दिला की विझायचा का?"

"तसंही नाही."

मिस्त्रींनी मान हलवली. ऑइल कमी असले तर वळणावर किंवा ब्रेक लावताना ते एका बाजूला जाते आणि दिवा चमकतो. बेअरिंगे किंवा पंप झिजला असेल तर गरम इंजिनात, मंद चालीवर दिवा लागतो आणि वेग वाढवला की विझतो. नुसत्या हादऱ्याबरोबर लुकलुकत असेल तर वायरचा संशय घ्यावा. "पण संशयच," ते म्हणाले. "खात्री नाही."

मग त्यांनी चावी फिरवली, इंजिन सुरू केले नाही. डॅशबोर्डकडे नीट पाहिले आणि म्हणाले, "लाल दिवे दोन लागायला पाहिजेत. तुमचा एकच लागलाय." ऑइलचा दिवा लागला होता. बॅटरीच्या चार्जिंगचा दिवा अंधारा होता. "हे नंतर बघू," असे म्हणून ते पुन्हा ऑइलच्या दिव्याकडे वळले.

या दिव्याची रचना अगदी सोपी आहे, ती समजून घेण्यासारखी आहे. बॅटरीकडून चावीमार्गे वीज दिव्यात येते. दिव्यातून एकच वायर निघून इंजिनाच्या अंगावर बसवलेल्या ऑइल स्विचला जाते. दाब नसतो तेव्हा स्विच आतून ती वायर इंजिनाच्या लोखंडाला जोडतो, वाट पूर्ण होते आणि दिवा लागतो. दाब वाढला की स्विचातला पडदा ढकलला जातो, जोड सुटतो, दिवा विझतो. यात वाईट एवढेच की, वायरचे कव्हर कुठे तरी फाटून ती मधेच गाडीच्या पत्र्याला टेकली, तरी दिव्याला काही फरक कळत नाही. त्याला जोड मिळाला की तो लागतो.

मिस्त्रींनी स्विचवरची वायर ओढून काढली आणि मोकळी धरली. चावी लावलेलीच होती. आता दिवा विझायला हवा होता. पण तो लागलेलाच राहिला. म्हणजे स्विच आणि दिवा यांच्या मध्येच कुठे तरी वायर पत्र्याला टेकत होती. विझला असता तर दोष स्विचचा किंवा खराच दाबाचा, हे दोनच पर्याय राहिले असते.

वायरचा माग काढत ते इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्या मधल्या पत्र्यापाशी आले. वायरींचा जुडगा त्या पत्र्यातल्या भोकातून जातो. भोकाच्या कडेला रबराची गोल कडी असते, ती वाळून पडून गेली होती. पत्र्याची धार वायरच्या कव्हरात रुतली होती आणि तांबे उघडे पडले होते. त्यांनी तेवढी वायर बदलली, जोडावर स्लीव्ह चढवली, भोकात नवी रबरी कडी बसवली. वायर स्विचला जोडली, चावी फिरवली: दिवा लागला. इंजिन सुरू केले: दिवा विझला. दिवा जसा वागायला हवा तसा वागू लागला.

"झालं ना मग?" मुलगा म्हणाला.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "वायर खोटं बोलत होती हे कळलं. दाब खरंच आहे हे अजून कुठे कळलंय?" इंजिन बंद करून त्यांनी स्विच उलगडून काढला, त्या जागी दाब मोजायचे काट्याचे मीटर बसवले आणि इंजिन चांगले गरम होईपर्यंत चालवले. मंद चालीवर आणि वेग वाढवून दोन्ही वेळा काटा पाहिला. दाब ठीक होता. मग स्विच पुन्हा बसवला. ऑइलच्या दिव्याची खोटी आरोळी तिथे मिटली.

जो दिवा लागत नव्हता

आता ते चार्जिंगच्या दिव्याकडे वळले. डॅशबोर्डमागे हात घालून बल्ब काढला. तार तुटलेली होती. नवा बल्ब घालून चावी फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू केले आणि मेहुण्यांचा चेहरा बदलला. दिवा विझेना. वेग वाढवला की मंद व्हायचा, पण पूर्ण विझत नव्हता. म्हणजे डायनॅमो बॅटरीला पुरेशी वीज देत नव्हता. बल्ब गेलेला असल्यामुळे इतके दिवस ते कुणाला दिसलेच नव्हते.

इंजिन बंद करून मिस्त्रींनी फॅनबेल्ट बोटाने दाबून दाखवला. फारच सैल होता. उलटा करून दाखवला तेव्हा आतल्या बाजूने आडव्या भेगा पडलेल्या, कडा काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या. पुलीवर तो घसरत होता. मेहुण्यांना आता आठवले, पंधरा दिवस सकाळी सेल्फ जरा मरगळलेला चालत होता आणि त्यांनी ते थंडीवर घातले होते.

या गाडीत एकाच बेल्टवर डायनॅमोही फिरतो आणि पाण्याचा पंप व पंखाही फिरतो. बेल्ट तुटला तर चार्जिंग बंद आणि इंजिन थंड ठेवणेही बंद. सकाळी आम्ही माळशेज उतरून आलो होतो, इंजिनावर ताण नव्हता, दिवे लावायचे नव्हते. रात्री तोच घाट चढायचा होता, हेडलाइट लावून, पाच माणसे घेऊन. बेल्ट घाटात तुटला असता तर एकीकडे इंजिन उकळले असते, दुसरीकडे दुबळ्या बॅटरीवर दिवे मंदावत गेले असते. आणि दरीच्या बाजूला अंधारात गाडी उभी करून सासूबाईंना घेऊन आम्ही बसलो असतो. ज्या दिव्याने सगळ्यांना घाबरवले तो खोटा निघाला आणि खरे संकट ज्याचे, तो दिवा गप्प होता.

मिस्त्री बेल्ट बदलता बदलता म्हणाले, "शेठ, उगाच भुंकणारं कुत्रं परवडलं. चोर आला तरी न भुंकणारं कुत्रं घरात असेल तर त्याची आधी चौकशी करावी." नवा बेल्ट ताणून बसवला, इंजिन सुरू केले, दोन्ही दिवे विझले. बॅटरीचे टर्मिनल घासून साफ केले, डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहिली. साडेतीनच्या सुमारास आम्ही मोकळे झालो. रात्री दहाच्या आत घाट चढून घरी पोहोचलो आणि पहाटे कांद्याला पाणी दिले.

पद्मिनी आणि तिची माणसे

मिस्त्रींसारखी माणसे आता कमी होत चालली आहेत. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली; कारखाना मुंबईत कुर्ल्याला. फियाट कंपनीच्या सहकार्याने १९६४ साली 'फियाट ११०० डिलाइट' आली. पुढे तीच गाडी 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने रस्त्यावर धावू लागली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हटली की डोळ्यांसमोर पद्मिनीच येई. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदवली गेली होती, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिचीही मुदत संपली. आता पद्मिनी राहिल्या आहेत त्या हौशी माणसांकडे आणि मेहुण्यांसारख्या, वडिलांची आठवण म्हणून जपणाऱ्यांकडे. ज्यांच्याकडे अशी गाडी असेल त्यांनी ऑइल स्विच, फॅनबेल्ट आणि डॅशबोर्डचे बल्ब मिळतील तेव्हा घेऊन ठेवावेत.

ट्रॅक्टरवाल्यांनीही ध्यानात ठेवावे

पद्मिनी सगळ्यांकडे नसेल, पण ट्रॅक्टर, पिकअप किंवा जुनी जीप आज गावोगाव आहे. दिव्यांची रीत थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखीच. तेव्हा त्या दिवशी शिकलेल्या आणि उपयोगी पडणाऱ्या गोष्टी थोडक्यात सांगतो.

१. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, दोन क्षण डॅशबोर्डकडे पाहा. ऑइल आणि चार्जिंग हे दोन्ही दिवे लागले पाहिजेत. जो लागत नाही त्याचा बल्ब, फ्यूज किंवा वायर पाहून घ्या. काही अल्टरनेटरांत तर या दिव्यातूनच चार्जिंग सुरू व्हायला लागणारी वीज जाते. बल्ब गेला तर चार्जिंगही सुरू होत नाही.

२. चालताना ऑइलचा दिवा लागला की जागा पाहून लगेच थांबा, इंजिन बंद करा. थोड्या वेळाने सपाटीवर ऑइल मोजा. कमी असेल तर योग्य प्रतीचे ऑइल भरा. भरल्यावर इंजिन सुरू करून काही क्षणांत दिवा विझला नाही, तर पुन्हा बंद करा. ऑइल भरलेले असूनही दिवा लागत असेल तर गाडी न चालवता मिस्त्रीला बोलवा.

३. इंजिनातून ठोके किंवा खडखड ऐकू येत असेल, तर दिवा खोटा असल्याची शंकासुद्धा घेऊ नका.

४. वायर काढून पाहायची परीक्षा इंजिन बंद ठेवून, फक्त चावी लावून करावी. वायर काढल्यावर दिवा विझला नाही तर वायरचा दोष. विझला तर स्विच किंवा दाब. नवा स्विच घालूनही दिवा लागला तर काट्याच्या मीटरने दाब मोजल्याशिवाय समाधान मानू नका.

५. चार्जिंगचा दिवा लागला तर आधी बेल्ट पाहा. तुटला किंवा निसटला असेल आणि त्याच बेल्टवर पाण्याचा पंप असेल, तर पुढे जाऊ नका. बेल्ट शाबूत असेल आणि इंजिन तापत नसेल, तर दिवसाउजेडी, जादा दिवे न लावता जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. डायनॅमोच्या जुन्या गाडीत अगदी मंद चालीवर हा दिवा किंचित लुकलुकला तर घाबरू नये. वेग वाढवला की तो विझला पाहिजे.

६. फिरत्या बेल्टजवळ हात, पदर, उपरणे, मफलर नेऊ नका. बेल्ट तपासायचा तो इंजिन बंद करूनच.

७. नव्या गाड्यांत दिवे पुष्कळ असतात. सर्वसाधारण नियम असा: लाल लागला तर थांबा, पिवळा लागला तर लवकर दाखवून घ्या, हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती. हँडब्रेक ओढलेला नसताना ब्रेकचा लाल दिवा लागला तर ब्रेक ऑइल पाहिल्याशिवाय गाडी हलवू नका. पिवळ्या इंजिनच्या दिव्यासाठी गॅरेजवाले यंत्र जोडून कोड वाचतात. कोड नुसता पुसून दिवा घालवून घेऊ नका, त्यामागचे कारण विचारा.

८. कुणीही "दिवा काढून टाकतो" किंवा "वर चिकटपट्टी लावतो" असे म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. दिवा खोटा असेल तर तो दुरुस्त करायचा असतो. खोटा म्हणून बंद केलेला दिवा पुढे खरे सांगायची वेळ आली तरी बोलणार नाही.

अंबरनाथला जाणाऱ्यांनी आणखी एक करावे. महाशिवरात्रीची गर्दी झेपणारी नसेल तर साध्या दिवशी सकाळी लवकर जावे, म्हणजे कोरीवकाम निवांत पाहता येते. गर्भगृहाच्या पायऱ्या उतरताना वयस्कर माणसांचा हात धरावा. मूर्तींना हात लावू नये, नावे कोरू नयेत. आणि घाटावरून गाडीने येणार असाल तर घर सोडण्याआधी ऑइल, पाणी, बेल्ट आणि दिवे पाहून निघावे. परतीच्या वाटेवर आपल्याला घाट चढायचा असतो.